खिशातला फ्यूज

अण्णा, आधी कामाचं सांगते, नाहीतर पुढचं काही तुमच्या कानात शिरणार नाही. डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यातला फ्यूज आज जागेवर बसवून आले. पंप चालू आहे. झाकण कोरडं आहे, पट्ट्याखालून थेंबभरही पाणी येत नाही. झालं समाधान? आता निवांत ऐका.

तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. परवा विहारात तुमचा जलदान विधी झाला. माणसं बरीच आली होती, पायऱ्यांवर चपला ठेवायला जागा उरली नव्हती. एकेक जण उठून तुमच्याविषयी बोलला. मनमिळाऊ होते म्हणे, कुणाला शब्दानं दुखावलं नाही म्हणे. मी आईशेजारी बसून ऐकत होते, आणि ज्या माणसाशी मी सहा वर्षं रोज भांडले तो हाच का, अशी शंका मला यायला लागली होती. त्यातही एक गोष्ट फार टोचली. तुमचं काम नेमकं काय होतं, हे कुणालाच धड सांगता येईना. एकानं तुम्हाला प्लंबर करून टाकलं. दुसरा म्हणाला, मोठ्या लोकांचे स्विमिंग टँक धुवायचे. टँक धुवायचे! तुम्ही असता तर तिथंच उठून म्हणाला असता, "टँक कुणीबी धुतंय की. आपण फिल्टर उघडतो."

ते मी म्हणायला हवं होतं. राहून गेलं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

फिल्टर म्हणजे काय हे नवीन माणसाला सांगायची तुमची एक ठरलेली रीत होती. "कुकर हाय की तुमच्या घरात? वाफ जिरायच्या आधी झाकण काढता का?" बस, एवढंच बोलून तुम्ही पाना शोधायला लागायचात. मी जरा सविस्तर सांगते. कंबरेएवढं एक पिंप असतं. त्याच्या आत चुण्याचुण्यांच्या कापडी कार्ट्रिज उभ्या असतात, वर घट्ट झाकण, आणि झाकणाला आवळून धरणारा स्टीलचा पट्टा. पंप तलावातलं पाणी त्या पिंपात दाबानं ढकलतो, चुण्या कचरा धरून ठेवतात आणि स्वच्छ पाणी परत जातं. चुण्या भरल्या की आतला दाब वाढतो, आणि मग पिंप उघडून त्या धुवाव्या लागतात. एवढंसं काम. पण आत हवा कोंडलेली असताना पट्टा सोडला, किंवा पट्टा सैल असताना कुणी पंप चालू केला, तर ते झाकण उडतं. उडताना समोर कोण उभं आहे हे ते बघत नाही.

हे तुम्ही पुस्तकात वाचलं नव्हतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तुम्ही फिटर होतात, आणि रंगखात्याला लागणाऱ्या पाण्याचे फिल्टर तुमच्याकडे असायचे. कारखाना बंद पडला तेव्हा मी सातवीत होते. त्याच सुमाराला होटगी रोडला कुणी बंगल्यात पोहण्याचा तलाव बांधला होता, आणि पुण्याचा माणूस यंत्रं बसवून गेला तो पुन्हा फिरकलाच नव्हता. मालकाला कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही गेलात, उघडलंत, धुतलंत, बसवलंत. मग दुसरा बंगला आला, तिसरा आला, मोहोळ रोडची फार्महाउसं आली.

आणि पहिल्याच वर्षी ते झाकण उडालं. आपल्या सोलापुरात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गॅसवर दूध असलं तरी माणूस आधी मोटरच्या बटणाकडे पळतं. तुम्ही पंप बंद करून पट्टा सोडत होतात आणि बाहेर कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!" घरातल्या वहिनी धावत आल्या. बोर्डावर दोन बटणं शेजारी-शेजारी, एक पाण्याच्या मोटरचं आणि एक तलावाच्या पंपाचं. त्यांनी दोन्ही दाबली. झाकण तुमच्या भुवईला चाटून वर गेलं, शेडच्या पत्र्याला खळगा पाडून खाली आलं. भुवईला चार टाके पडले. दोन बोटं इकडे असतं तर डोळा गेला असता.

त्या वहिनींना तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. पट्टी बांधून घरी आलात आणि आईला म्हणालात, "तिची काय चूक? पाणी आल्यावर सोलापूरचं माणूस बटण दाबणारच की. बटण दाबलं तरी काय हुणार न्हाय, अशी सोय मी करायला पायजे हुती." मी दाराआडून ऐकत होते. तेव्हा त्या वाक्याचं मला काही विशेष वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तुमचं ते सुरू झालं. बटण बंद करायचं, बोर्डातला फ्यूज उपसायचा, शर्टाच्या खिशात टाकायचा, आणि मगच फिल्टरला हात लावायचा. चिनी मातीचा पांढरा फ्यूज, मुठीत मावेल एवढा. जिथं नव्या पद्धतीचे खटके होते तिथंही तुम्ही पंपाच्या वायरीवर वेगळा फ्यूज बसवून घेतलात. "खटका कुणीबी वर करतंय. फ्यूजच माझ्या खिशात असल्यावर कोण काय वर करणार?" तुम्ही वाकल्यावर तो पडू नये म्हणून आईनं तुमच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला झाकणी शिवली आणि वर बटण लावलं. टॉवेलच्या कडा शिवून दिवस काढणारी बाई, तिला असली कामं म्हणजे खेळच.

मग नवी भीती. तुम्ही चुकून कुणाचा फ्यूज घरी घेऊन आलात तर त्यांचा पंप बंद पडणार. म्हणून संध्याकाळी तुम्ही दारात चप्पल काढायला लागलात की आई मशीनवरून मान न वळवता विचारायची, "खिसा?" तुम्ही छातीवर थाप मारून सांगायचात, "रिकामा." मग चहा. कितीतरी दिवस मला वाटायचं की सगळ्याच घरांत असं विचारतात. एकदा मैत्रिणीकडे तिचे वडील कामावरून आले तेव्हा मी मोठ्या शहाणपणानं विचारलं, "काका, खिसा?" त्यांना वाटलं मी खाऊ मागतेय. बिचाऱ्यांनी परत पायात चप्पल घालून मला गोळ्या आणून दिल्या. हे मी तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही इतके हसलात की शेजारच्या मावशी बघायला आल्या.

आई मात्र तुम्हाला सोडायची नाही. "आपल्या नळाला पाचव्या दिवशी पाणी आन् तुमी जाऊन लोकांची तळी निर्मळ करताय." तुम्ही शांतपणे भाकरी मोडत म्हणायचात, "म्हणून तर नीट करतोय. फिल्टर बरा असला म्हंजे टँकचं पाणी बदलाया लागत न्हाय. एक टँक वाचला की आपली आख्खी गल्ली आंघोळ करती बघ." यावर आई भांडं जरा जोरात आपटायची.

मी पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला, पुण्यात एका कारखान्यात दोन वर्षं काढली आणि परत आले ती तुमच्याबरोबर काम करायचं ठरवूनच. नातेवाइकांनी नाकं मुरडली. शिकली-सवरली पोरगी, आणि लोकांच्या बंगल्यामागं बादल्या घेऊन हिंडणार? तुम्ही रात्री जेवताना एवढंच म्हणालात, "सकाळी सातला निघायचंय. चप्पल नको, बूट घाल." एवढ्या बोलावर मी खूश झाले होते.

आणि दुसऱ्या दिवसापासून आपली भांडणं सुरू झाली. पुण्याला आम्ही मशीन उघडायच्या आधी मेन बोर्डाला लाल कुलूप लावायचो, किल्ली ज्याची त्याच्याकडे. मी तसलं एक कुलूप मुद्दाम तुमच्यासाठी घेऊन आले. तुम्ही ते उलटंसुलटं करून बघितलंत, "चांगलं हाय की," म्हणालात आणि मोपेडच्या डिकीला लावून टाकलंत. मी चिडले. तुमची पद्धत जुनाट आहे म्हणाले. फ्यूज खिशातून पडला तर काय करणार, असंही विचारलं. तुम्ही म्हणालात, "पडला तर पंप बंद ऱ्हाईल. तुज्या कुलपाची किल्ली हरवली तर लोक कुलूप तोडत्यात." सहा वर्षं मी याला उत्तर शोधत होते. अजून सापडलेलं नाही, पण शोधणं मी सोडलेलंही नाही, एवढं लक्षात असू द्या.

ते भांडण लुटुपुटूचं होतं. खरं भांडण पट्ट्यावरून होतं. तुम्ही मला सगळं शिकवलंत. कार्ट्रिजच्या चुण्या वरून खाली, पाण्याची धार तिरपी धरून कशा धुवायच्या ते. झाकणाखालची रबरी रिंग बोटांमधून फिरवून तिच्यातली बारीक चीर कशी ओळखायची ते. तिला घरातलं शेंगदाण्याचं तेल लावून रबर फुगवणाऱ्या मालकाला न रागवता कसं समजवायचं, तेही. पण पट्टा सोडायची वेळ आली की मागून आवाज यायचा, "थांब, सुजा." मग तुम्ही हात पुसत यायचात, दाब दाखवणाऱ्या गेजवर नखानं टिचकी मारायचात, हवा सोडायच्या व्हॉल्व्हपाशी कान न्यायचात, आणि नट स्वतः सोडायचात. मी तुमच्या मागं उभी. फ्यूजही तुमच्याच खिशात, कारण माझ्या कुर्त्याला खिसाच नव्हता.

मी खोटं बोलणार नाही. एकदा मोहोळ रोडला गेजचा काटा शून्यावर होता आणि मी घाईनं पान्याला हात घातला होता. तुम्ही माझं मनगट धरलंत. "ऐक," म्हणालात. ऐकलं तर व्हॉल्व्हमधून अजून बारीक सुस्कारा चालू होता. काटा शून्यावर अडकून बसला होता, आतली हवा काही गेली नव्हती. त्या दिवसानंतर मी काट्याच्या आधी कानाला विचारते. ते तुमचं देणं आहे आणि मी ते मानते. पण ती चूक मी पहिल्या वर्षी केली होती अण्णा, आणि तुम्ही सहाव्या वर्षीही मला "थांब" म्हणत होता.

गेल्या दिवाळीच्या आधी माझा तोल सुटला. फार्महाउसच्या मालकासमोरच मी म्हणाले, "मी काय नुसती नळी धरायला येते का?" तुम्ही नट सोडता सोडता म्हणालात, "वेळ आली की सांगीन." "कधी?" "वेळ आली की." त्यावर आपण दोन दिवस बोललो नाही. आईची मधल्यामध्ये पोस्टमनसारखी धावपळ. "अण्णांना म्हणावं डबा तयार आहे." "तिला म्हणावं मला दिसतोय." एकाच खोलीत तिघं आणि ही तऱ्हा.

आता त्या मंगळवारचं. मी मोहोळ रोडला एका पंपाचं सील बघायला गेले होते. तुम्ही एकटेच डॉक्टरीणबाईंकडे गेलात. बाई निवृत्त आहेत, गुडघ्यांसाठी रोज सकाळी पाण्यात उभ्या राहून व्यायाम करतात. सुट्टीला नातवंडं येणार म्हणून फिल्टर धुवून हवा होता. तुम्ही अकरालाच घरी परत आलात. आईनं सवयीनं विचारलं, "खिसा?" आणि तुम्ही म्हणालात, "भरलाय." आईला वाटलं चेष्टा करताय.

मी साडेबाराला आले तेव्हा तुम्ही खाटेवर बसला होता. शर्ट घामानं ओला, खिसा फुगलेला. आणि मी हसले. हे मला राहून राहून आठवतं. मी हसत म्हणाले, "काय अण्णा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा फ्यूज घरी? म्हातारे झालात की. आता रिटायर व्हा, मी बघते सगळं." तुम्ही वाद घातला नाहीत. तिथंच मला कळायला हवं होतं. तुम्ही खिशाचं बटण काढलंत, फ्यूज माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "तुज्याजवळ ठेव. दुसऱ्या कुणाला देऊ नको. तू जाशील तवा तूच लाव." मी "बरं बरं" म्हणाले आणि हात धुवायला गेले. एक वाजता तुम्ही छाती भरून आलीय म्हणालात. रिक्षात तुमचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आठव्या दिवशी बाईंचा ड्रायव्हर दारात आला. "बाईंनी फ्यूज मागितलाय. अण्णा चुकून घिऊन गेले म्हणं. पाणी हिरवं पडलंय, पोरं आल्यात, सारखी विचारत्यात." मला लाज वाटली. तुमची लाज वाटली, अण्णा, हे लपवायचं नाही म्हणून लिहिते. आयुष्यभर इतकं नेटकं काम केलं आणि शेवटच्या दिवशी लोकांचा फ्यूज घेऊन आले, असं वाटलं. शिवाय तो पांढरा तुकडा कपाटावर दिसला की मी तिकडे पाठ करायचे. घरातून गेलेला बरा. मी तो काढून आणला आणि ड्रायव्हरपुढे हात केला.

आई मशीनवरून उठली. "थांब. कुणाला देऊ नको म्हणले हुते की ते."

"अगं आई, चुकून आणलाय त्यांनी. दमले होते."

"दमले असतील. पण खिशाच्या बाबतीत ते चुकत न्हाईत." आणि ड्रायव्हरला म्हणाली, "बाईंना सांगा, विधी उद्या हाय. शनवारी पोरगी येती. तवर पंपाला कुणी हात लावू नका."

काल संध्याकाळी तिनं मला न विचारता माझा कामाचा कुर्ता घेतला. तुमच्या निळ्या शर्टाचा खिसा उसवून काढला होता, तो झाकणी-बटणासकट कुर्त्यावर लावून दिला.

आज सकाळी आठला बंगल्यावर गेले. तिन्ही नातवंडं हिरव्या पाण्याच्या काठावर तोंडं पाडून बसली होती. मी मागच्या शेडमध्ये गेले. आधी बोर्ड बघायचा, ही तुमची शिस्त. पंपाचं बटण चालू होतं. म्हटलं, हे कुणी केलं? ते बंद केलं, खिशावर हात ठेवून फ्यूज आहे ना बघितलं आणि पिंपाकडे वळले.

हवेचा व्हॉल्व्ह उघडा होता. खाली फरशीवर तुमचा पाना पडला होता, त्याच्याशेजारी तुमचं लाल फडकं. आणि पट्ट्याचा नट पार शेवटच्या आट्यावर आलेला होता. बोटानं ढकलला असता तर निघून आला असता. झाकण नुसतं वर टेकवल्यासारखं होतं.

मी तिथंच फरशीवर बसले. सगळं दिसायला लागलं. तुम्ही बटण बंद केलं होतं, फ्यूज खिशात टाकला होता, हवा सोडली होती, नट सोडत आणला होता, आणि तेव्हा छातीत कळ आली. नट परत आवळायला हातात जोर राहिला नाही. मग त्या अवस्थेत जे एक करता येण्यासारखं होतं ते तुम्ही केलंत. फ्यूज खिशातच ठेवलात आणि घरी आलात.

कमल, बाईंची स्वयंपाकाची बाई, चहा घेऊन आली. मी बटणाचं विचारलं तर ती ओशाळली. "अण्णा सांगून गेले हुते ओ मला, पंपाला हात लावू नको म्हणून. पण मागल्या आठवड्यात, ते गेल्यावर तिसऱ्याच दिवशी, शुक्रवारी पाणी आलं आन् माज्या ध्यानातच ऱ्हायलं न्हाय. पळत आले आन् दोन्ही बटणं दाबली. हे काय चाललं न्हाय. म्हणलं जाऊ दे."

"पोरं कुठं होती तेव्हा?"

"हितंच की. पिंपाच्या मागं लपाछपी खेळत हुती."

ती सहज बोलून गेली. मी चहाचा ग्लास खाली ठेवला. शुक्रवारी तो फ्यूज बोर्डात असता तर. बुधवारी मी तो ड्रायव्हरच्या हातात दिला असता, आणि त्यानं बटण चालू असलेल्या बोर्डात तो तसाच खोचला असता तर. याच्या पुढचा विचार माझ्याकडून होईना. मला रडू आलं, आणि त्याच वेळी तुमचा इतका अभिमान वाटला की कमलला धरून सांगावंसं वाटलं, हे बघ, माझ्या वडिलांनी शेवटच्या दिवशी काय केलंय बघ. सांगितलंही. ती बिचारी तोंडाला पदर लावून उभी राहिली.

बाई आल्या, काठी टेकत. त्यांना नट दाखवला. त्यांनी काठीवर वाकून तो जवळून बघितला. मग म्हणाल्या, "माझ्यासमोरून गेले गं ते. मी पेपर वाचत होते. म्हणाले, 'बाई, जरा काम ऱ्हायलंय, माजी पोरगी येऊन पुरं करंल. तिला सगळं येतंय.' घामाघूम झाले होते. मला वाटलं ऊन आहे म्हणून. चाळीस वर्षं डॉक्टरकी केली मी."

यावरून आपलं नवं भांडण आहे, ते टाळता येणार नाही. डॉक्टरच्या घरात छातीत कळ आली आणि तुम्ही डॉक्टरांना नमस्कार करून घरी निघून आलात? नट सैल आहे हे कळलं, कमलला सांगायचं सुचलं, फ्यूज न्यायचं सुचलं, आणि "बाई, मला बरं वाटत न्हाय" एवढे चार शब्द तोंडातून निघाले नाहीत? मोपेड चालवत आलात त्या उन्हात! दुसऱ्यांच्या जिवाची एवढी काळजी करणाऱ्या माणसानं स्वतःला असं सोडून द्यावं, याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीनसं वाटतही नाही.

पण "तिला सगळं येतंय" हे तुम्ही परक्या बाईंना सांगितलंत. आणि मला काय म्हणालात? तू जाशील तवा तूच लाव. गावात दुसरे मिस्त्री आहेत, त्यांची नावं तुम्हाला तोंडपाठ होती. तुम्ही अर्धा उघडलेला फिल्टर माझ्या हवाली केलात. वेळ आली की सांगीन म्हणाला होता, ती आली होती, तुम्ही सांगितलंही होतं, आणि मी तेव्हा हसत होते.

मी उठले. पोरांना बागेच्या दुसऱ्या टोकाला कडुलिंबाखाली पाठवलं, तिघंही गेली ना ते मोजलं. मग पिंपापाशी आले. व्हॉल्व्ह उघडाच होता, आत कसली हवा राहणार? तरी गेजवर नखानं टिचकी मारली, कान नेला. काही नाही. नटाला हात लावणार तेवढ्यात माझ्याच तोंडून मोठ्यानं निघालं, "थांब, सुजा." थांबले. परत ऐकलं. मग नट काढला, पट्टा उघडला, झाकण उचललं. माझ्या मागं कुणी नव्हतं.

कार्ट्रिज शेवाळानं चिकट झाल्या होत्या. दोन तास घासत बसले. धुतलेलं पाणी तुमच्या सवयीप्रमाणे बादल्यांत धरलं आणि कडुलिंबाला घातलं. रबरी रिंग बोटांतून तीनदा फिरवली, बसायची खाच पुसून घेतली, कारण वाळूचा एक कण राहिला तरी गळतं. झाकण ठेवलं, पट्टा चढवला, आवळता आवळता पान्याच्या दांड्यानं सगळीकडून ठोकत गेले, म्हणजे तो सारखा बसतो. व्हॉल्व्ह उघडा ठेवला. मग खिशाचं बटण काढून फ्यूज बाहेर घेतला, बोर्डात बसवला, लांब उभी राहिले आणि बटण दाबलं.

आधी हवा फुसफुसली, मग पाणी थुंकत आलं, मग सरळ धार लागली. व्हॉल्व्ह बंद केला. काटा वर चढला आणि जिथं थांबायला हवा तिथं थांबला. पिंपावर तुम्ही दर खेपेला मार्करनं तो आकडा लिहायचात, तुमच्या आकड्यांची एक रांगच आहे तिथं. त्याच्या खाली मी आजचा लिहिला.

"काकी, आता पोहायचं?" सगळ्यात धाकटी धावत आली.

"उद्या. पाणी निवळू दे."

बाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. पुढच्या वेळी कोण येणार, असं त्यांनी विचारलं नाही. फाटकापाशी एवढंच म्हणाल्या, "पावसाळ्याआधी एकदा ये." आता गल्लीत कुणी तुम्हाला टँक धुणारे म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. फिल्टर उघडायचे म्हणेन, आणि इतक्या वर्षांत त्या भुवईखेरीज कुणाला खरचटू दिलं नाही म्हणेन.

घरी आले तेव्हा दुपार झाली होती. मी दारात बूट सोडत होते. आई मशीनवर होती, पाठ माझ्याकडे. अकरा दिवस घरात तो प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"खिसा?" मान न वळवता तिनं विचारलं.

मी छातीवर थाप मारली.

"रिकामा."